हेडची चार बुचं

“ही चार भोकं कशाची, सांग बघू,” आप्पा मला म्हणाले.

त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकासमोर मला असं काहीतरी विचारायचं आणि मी बरोबर उत्तर दिलं की दुसरीकडं बघत मिशीतल्या मिशीत हसायचं, ही त्यांची सवय होती. टेबलावर मगदूमकाकांच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पालथं पडलं होतं. बिडाचं, जड, सोळा वर्षांच्या काजळीनं काळंकुट्ट झालेलं. त्याच्या एका अंगाला, धुराच्या वाटांच्या वर, आटे पाडलेली चार भोकं ओळीनं होती.

“हवेची,” मी म्हणाले. “अमेरिकेत धुराचा कायदा कडक आहे. तिथल्या गाड्यांना एक जादा पंप असायचा. तो या भोकांतून धुराच्या वाटेत ताजी हवा सोडायचा. न जळलेलं पेट्रोल तिथंच जळून जायचं.”

“आणि आता?”

“आता पंप नाही, नळ्या नाहीत. भोकं तशीच ठेवली तर धूर त्यातून बाहेर येणार. इंजिन फटफट वाजणार.”

“ऐकलंस, श्रीपाल?” आप्पा मगदूमकाकांना म्हणाले. “डिप्लोमा केलाय तिनं. फर्स्ट क्लास.”

“तू हे मला चौथ्यांदा सांगतोयस, बंडू,” मगदूमकाका हसले.

आमचं वर्कशॉप कोल्हापुरात, उद्यमनगरात. दोन लेथ, एक ड्रिल, व्हॉल्व्ह घासायचं एक जुनं मशीन. आप्पांनी, म्हणजे बंडोपंत सुतारांनी, चौतीस वर्षं तिथं इंजिनांची हेडं दुरुस्त केली होती. श्रीपाल मगदूम त्यांचे शाळेपासूनचे मित्र. ते शिकून अमेरिकेला गेले, आप्पा आठवी सोडून लेथवर उभे राहिले. पण पत्रं कधी थांबली नाहीत. १९९३ साली काका कायमचे सांगलीला परतले, तेव्हा सोबत आपली तिकडची जुनी गाडी घेऊन आले. विलायती बनावटीची, हिरवी, दोनच माणसांची, उघड्या टपाची. गाडीचं बाकी सगळं त्यांचा मेकॅनिक दस्तगीर बघत होता. हेड मात्र काकांनी जीपमध्ये घालून स्वतः कोल्हापूरला आणलं. बंडूशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी दस्तगीरला बजावलं होतं.

“आईला बाहुबलीला, दर्शनाला न्यायचंय या गाडीतनं,” ते म्हणाले. “एक्क्याण्णव पूर्ण झाली तिला. सोळा वर्षं नुसते फोटो बघितलेत तिनं गाडीचे. रोज विचारते, झाली का गाडी?”

“दहा दिवसांत देतो,” आप्पा म्हणाले. “व्हॉल्व्ह बघतो, गाइड बदलतो. आणि या भोकांना चार बुचं करतो.”

ते गेल्यावर आप्पांनी चहाचा कप उचलला. कप बशीवर टकटक वाजला आणि थोडा चहा त्यांच्या विजारीवर सांडला. त्यांनी कप खाली ठेवला. मी बघितलंच नाही असं दाखवून हेड पुसायला लागले.

आप्पांचा उजवा हात गेल्या दिवाळीपासून थरथरत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार असं मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानंतर दोन कामं बिघडली होती. एक बुश त्यांनी मापापेक्षा मोठा घासला, आणि एका पिनीवर ओरखडा पडला. दोन्ही वेळा, ते जेवायला गेल्यावर, मी नवीन करून ठेवली. त्यांना कळलं नाही. निदान मी तसं धरून चालले होते. तेव्हापासून त्यांच्या हातचं प्रत्येक काम मी गुपचूप तपासायला लागले. पंचवीस वर्षांची होते. आपण फार काळजी घेतोय असं मला वाटायचं.

शनिवारी दुपारी त्यांनी ती बुचं केली. मी फोनवर होते. एका कारखान्याच्या व्हॉल्व्ह गाइडांची मोठी ऑर्डर मिळायची शक्यता होती आणि तिथला माणूस मला पुन्हा पुन्हा ‘तुमच्यातल्या कुणा पुरुष माणसाला द्या फोन’ म्हणत होता. आप्पा लेथ बंद करून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. तळहातावर चार बुचं, पोलादाची, निळसर झाक असलेली.

“बघ,” ते म्हणाले.

मी रिसीव्हरवर हात ठेवला. “छान झालीत, आप्पा.”

“हातात घेऊन बघ की. सांगायचंय एक.”

“थांबा, एवढा फोन होऊ दे.”

फोन लांबला. ते थोडा वेळ थांबले, मग बुचं वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून, शेजारी तांब्याच्या चार वायसर, बुचांखालच्या चकत्या, ठेवून हात धुवायला गेले. संध्याकाळी माझ्या आईच्या मिरजेच्या तयारीत ते सांगायचं राहून गेलं. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रविवारी सकाळी आप्पा तिला घेऊन मिरजेला गेले, ते बुधवारपर्यंत येणार नव्हते.

“हेड तेवढं तू जुळवून ठेव,” जाताना म्हणाले. “दस्तगीर मंगळवारी न्यायला येणार हाय.”

सोमवारी उद्यमनगर बंद असतं. सगळ्या गल्लीत मी एकटीच. शटर अर्धं वर करून मी हेड टेबलावर घेतलं आणि आप्पांचं पहिलं बूच भोकात फिरवलं.

ते बोटानं आत गेलं. पाना लागलाच नाही. दोन बोटांत धरून हलवलं, तर आट्यांत चक्क खेळलं. दुसरं तसंच. तिसरं, चौथं तसंच. मी व्हर्नियर लावून मापलं. चारही बुचं पुस्तकातल्या मापापेक्षा बारीक.

मी स्टुलावर बसले. बुश बिघडला तेव्हा नुसतं वाईट वाटलं होतं. पण एक नाही, दोन नाही, चारच्या चार? मला वाटलं, संपलं. आप्पांचा हात गेला. आता कधीतरी मलाच त्यांना सांगावं लागणार की लेथला हात लावू नका. त्या बंद गल्लीत, अर्ध्या शटरच्या आड, मी पोटभर रडले. मग डोळे पुसले आणि नवीन बुचं करायला घेतली.

पितळेची केली. लोखंडात लोखंड गंजून अडकतं, पितळ अडकत नाही, हे पॉलिटेक्निकात शिकले होते. आणि ढिलाईचा प्रश्नच नको म्हणून शेवटचे तीन आटे किंचित जाड ठेवले. म्हणजे बूच आत जाता जाता घट्ट धरेल, कसल्या वायसरची गरज पडणार नाही. पाना लावून एकेक बसवलं. शेवटच्या फेऱ्याला दोन्ही हातांनी जोर द्यावा लागला. काम झाल्यावर काळ्या हेडवर चार पिवळे ठिपके सोन्यासारखे दिसत होते. मला खूप बरं वाटलं. आप्पांची बुचं आणि वायसर मी भंगाराच्या डब्यात टाकली, आणि ती वर दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर पितळेचा कीस ओतला.

मंगळवारी दस्तगीर हेड घेऊन गेला. बुधवारी आप्पा आले.

“गेलं काय हेड?”

“गेलं.”

“वायसर घातलीस न्हवं तांब्याची?”

“हो.”

“मग काय काळजी न्हाई,” ते म्हणाले आणि आईच्या डोळ्यात औषध घालायला गेले. बाटली धरलेला हात थरथरत होता, म्हणून ती माझ्याकडं दिली.

हेड नेल्यापासून अकराव्या दिवशी मगदूमकाकांची जीप दारात येऊन थांबली. वेळ साडेअकराची, सगळी गल्ली चालू. दस्तगीरनं हेड उतरवून टेबलावर ठेवलं. काका आत आले, पण नेहमीसारखे खुर्चीवर बसले नाहीत.

“काय रं श्रीपाल, काय झालं?” आप्पा लेथवरून उठले.

“हातकणंगल्याच्या अलीकडं बंद पडली,” काका म्हणाले. “वाफ आली, पाणी संपलं. आई शेजारी बसलेली. दोन तास उन्हात, बंडू. डोक्यावर टप नाही. टेंपो मिळाला तो उसाचा. त्यात बसवून आणली तिला.”

“आता कशा हाईत?”

“निजून आहे. ताप उतरत नाही.”

आप्पा टेबलाशी गेले. दस्तगीरनं बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्या बुचापासून केसाएवढी चीर निघून थेट पाण्याच्या वाटेपर्यंत गेली होती. आप्पांनी चीर बघितली. मग बूच बघितलं. पिवळं. त्यांचा अंगठा त्या पितळेवरून एकदा फिरला, दुसऱ्यावरून फिरला. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

मी ड्रिलपाशी उभी होते. मला त्यांची नजर आजही नीट सांगता येत नाही. राग नव्हता. एखादी गोष्ट वाचून समजल्यावर माणूस कागद मिटतो, तसं त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

“लई घट्ट बसवलेत, आप्पा,” दस्तगीर खालच्या आवाजात म्हणाला. “बीड फुटलं. आणि पितळ कसं काय घातलं तुम्ही?”

शेजारच्या वर्कशॉपमधले दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले होते.

“चुकलं माझं,” आप्पा म्हणाले.

“चुकलं?” काकांचा आवाज फाटला. “बंडू, तुझा हात चालत नाही हे तुला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मला सांगायचं होतंस ना. मी दुसरीकडं दिलं असतं काम. मैत्रीखातर तू माझ्यापासून लपवलंस? असलं हेड अख्ख्या हिंदुस्थानात मिळायचं नाही. आई मला विचारतेय, पुन्हा कधी जायचं. काय सांगू तिला?”

आप्पांनी हात टेबलावरून उचलला. तो थरथरत होता आणि सगळे त्या हाताकडं बघत होते. तो त्यांनी खिशात घातला.

माझ्या तोंडात शब्द होते. ‘काका, ती बुचं मी केलीत.’ एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही असेल. पण आप्पा माझ्याकडं न बघताच म्हणाले, “माला, आत जा. चहा टाक.”

आणि मी गेले. स्टोव्हला पंप मारताना मला बाहेरून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. कुणी चहाला थांबलं नाही.

घरी गेल्यावर, आई देवळात गेली तेव्हा, मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“तुमची ढिली होती, आप्पा. मी मापून बघितली. चारही.”

“ढिली नव्हती,” ते म्हणाले. “जागा सोडली हुती. धुराच्या तोंडाशी किती तापतं ते? तापलं की धातू फुगतो. बूच वायसरवर दाबून बसतं, आट्यात ठासायचं नसतं. बीड ठासून घेत न्हाई, फुटतं. त्यात पितळ तर लोखंडाच्या दीडपट फुगतं. कुठला धातू किती फुगतो ते टेबल तुला पाठ हाय न्हवं?”

पाठ होतं. परीक्षेत त्यावर दहापैकी दहा मिळाले होते.

“मला वाटलं तुमचा हात...”

“कप धरताना कापतो. लेथच्या चाकावर टेकला की कापत न्हाई.” त्यांनी हात मांडीवर टेकवून दाखवला. “कधी उभी राहून बघितलंच न्हाईस तू. मी गेल्यावर तेवढं बघायचीस. बुश, पिन. कळत हुतं मला.”

मी रडायला लागले. “मी काकांना आत्ता जाऊन सांगते.”

“न्हाई सांगायचं.”

“पण तुमचं नाव...”

“माझं काम करून झालं, माला. तुझं व्हायचंय. बाईमाणसाच्या हातात हेड द्यायला आधीच माणसं दहा वेळा इचार करत्यात. पहिल्याच खेपेला हेड फोडलं म्हणून कळलं, तर शटर लावावं लागंल तुला.” मग म्हणाले, “माझ्या म्हातारपणावर खपून जाईल ते.”

मी त्यांचं ऐकलं. आज्ञाधारक मुलगी म्हणून ऐकलं असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांनी ‘न्हाई’ म्हटल्यावर माझ्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं होतं, आणि तो हलकेपणा मला अजून आठवतो.

काकांनी इंग्लंडहून दुसरं हेड मागवलं. ते यायला आठ महिने लागले. तोवर त्यांची आई गेली. आप्पा सांगलीला भेटायला गेले आणि दोन तासांत परत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्या आईनं जेवायला वाढलं तर म्हणाले, तिकडंच खाऊन आलो. पण मी त्यांना मग स्वयंपाकघरात उभ्यानं चिरमुरे खाताना बघितलं.

उद्यमनगरात गोष्ट पसरायला एक दिवस पुरला. कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर मी भांडले तरी असते. लोक फक्त आप्पांशी फार गोड वागायला लागले. रंकाळ्याकडचे एक टेंपोवाले, वीस वर्षांचे गिऱ्हाईक, रॉकर शाफ्ट, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्हवरचा दांडा, घेऊन आले. आप्पांनी सवयीनं तो हातात घेतला आणि उजेडाकडं धरला. त्या माणसानं तो हळूच, अगदी मायेनं त्यांच्या हातातून काढून घेतला.

“ऱ्हाऊ द्या आप्पा, तुम्ही आराम करा. मालाताई बघतील.”

“तसं कर,” आप्पा म्हणाले.

त्यानंतर ते लेथवर उभे राहिले नाहीत. सकाळी माझ्याबरोबर यायचे, दारातल्या स्टुलावर बसायचे, येणाऱ्याला ‘या’ म्हणायचे. एकदा मी मुद्दाम एक अवघड काम त्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, “आप्पा, हे मला जमत नाही, तुम्ही करा.” त्यांनी ते उचललं, बघितलं आणि परत माझ्या हातात दिलं. “जमतंय तुला,” म्हणाले. कारखान्याची ऑर्डर मला मिळाली. मग दुसरी मिळाली. हेड फुटल्यानंतर सोळा महिन्यांनी, माघात, सकाळी अंघोळीचं पाणी काढता काढता आप्पा खाली बसले ते उठले नाहीत.

मगदूमकाका दहाव्याला घाटावर आले होते. लांब उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. तेराव्यानंतर मी सांगलीची एसटी पकडली.

काका व्हरांड्यात बसले होते. मला बघून उठले. काकूंनी पाणी आणलं. मी ते प्यायलेही नाही, उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. सोमवार, अर्धं शटर, पितळ, शेवटचे तीन जाड आटे, भंगाराचा डबा, वायसर घातली म्हणून बोललेलं खोटं. आप्पांनी गप्प राहायला सांगितलं तेही सांगितलं.  वाटलं, आता ते मला हाकलतील. हाकलावं, असंच वाटत होतं.

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. त्यांनी पुढं येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“बस, बाळ,” म्हणाले. “मला ठाऊक होतं तू असं काहीतरी सांगत येशील.”

“काका?”

“बापाच्या माघारी त्याची चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला आलीस. बंडूनं काय पुण्य केलं होतं कुणास ठाऊक.”

“काका, चूक त्यांची नव्हती. खरंच मी केली ती बुचं.”

“अगं, तू डिप्लोमावाली. तू बिडात पितळ ठासशील? ते काम नजर गेलेल्या, हात गेलेल्या माणसाचं. आणि तो स्वतः म्हणाला ना, माझ्यासमोर, चुकलं माझं म्हणून. बंडू जन्मात खोटं बोलला नाही.”

“त्या दिवशी बोलले!” मी ओरडले. “माझ्यासाठी बोलले!”

“शांत हो,” काकूंनी मला जवळ घेतलं. “किती वाळलीस गं.”

“मी त्याला माफ केलंय, माला,” काका म्हणाले. “आई गेली तेव्हा तो दारात आला होता. मी त्याला आत बोलावलं नाही, तेवढं मला सलतंय. पण तू आता त्याच्यापायी खोटं बोलू नकोस.”

मी शपथ घेतली. आईची घेतली, आप्पांची घेतली. प्रत्येक शपथेबरोबर काका अधिकच रडत गेले. शेवटी काकूंनी मला जेवायला वाढलं आणि जाताना कुंकू लावून पिशवीत बेदाणे घातले.

ही भेट काकांनी चारचौघांत सांगितली. आठ दिवसांत ती उद्यमनगरात पोचली. ज्या गिऱ्हाइकांनी आधी कधी आमची पायरी चढली नव्हती, ती यायला लागली. अशी मुलगी पोटी यावी, असं माझ्या तोंडावर म्हणायला लागली.

याला आता तीस वर्षं झाली. आता माझ्याकडं सहा मशिनं आहेत. जुन्या गाड्यांची हेडं पुण्याहून, बेळगावहून येतात. त्यातलं एखादं अमेरिकेहून आलेलं असलं की मालक विचारतो, ‘ही भोकं बंद करायची, पण बंडोपंतांसारखं होऊ देऊ नका हं.’ मग मी काम बाजूला ठेवून त्याला सगळं सांगते. एकही गोष्ट गाळत नाही. ती बुचं आप्पांची नव्हती, माझी होती. आप्पांची बरोबर होती.

तो शेवटपर्यंत ऐकून घेतो. मान हलवतो. “वडलांवर लई जीव होता तुमचा,” म्हणतो, आणि हेड माझ्या पुढ्यात सरकवतो.